जॉन स्पिल्सबरी

जॉन स्पिल्सबरी (जन्म: इ.स. १७३९, मृत्यू: ३ एप्रिल, इ.स. १७६९) हे लंडनमधील नकाशाकार व ताम्रपटावर नकाशे कोरणारे कारागीर होते. लाकडी फळीवर चिकटवलेला नकाशा देशांच्या सीमारेषांवरून कापून त्याचे सुटे तुकडे मुलांनी जुळवावेत म्हणून ते विकत. आज घरोघरी चुरशीने जुळवल्या जाणाऱ्या जिगसॉ कोड्यांचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. मात्र या श्रेयाविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

जीवन

थॉमस स्पिल्सबरी यांच्या तीन मुलांपैकी जॉन हे मधले. थोरले बंधू जोनाथन हेही कोरीवकामात नावाजलेले होते. दोघांच्या नावाचे आद्याक्षर एकच असल्याने एकाचे काम दुसऱ्याच्या नावावर नोंदवले गेल्याचे आढळते. इ.स. १७५३ मध्ये जॉन हे थॉमस जेफरीज या ख्यातनाम नकाशाकाराकडे सात वर्षांच्या उमेदवारीवर राहिले. जेफरीज यांना पुढे तिसऱ्या जॉर्ज राजाचे भूगोलकार हे पद मिळाले. उमेदवारी संपल्यावर इ.स. १७६१ मध्ये जॉन यांचा सारा मे यांच्याशी विवाह झाला आणि ड्रुरी लेनजवळील रसेल कोर्ट येथे त्यांनी स्वतःचे दुकान थाटले.

कापलेले नकाशे

इ.स. १७६३ मधील लंडनच्या एका व्यावसायिक निर्देशिकेत त्यांची नोंद लाकडी नकाशे कापणारे कारागीर अशीही आहे. नकाशा छापून, हाताने रंगवून तो महोगनीच्या पातळ फळीवर चिकटवला जाई आणि बारीक पात्याच्या करवतीने कापला जाई. जग, युरोप, आशिया, आफ्रिका, अमेरिका, इंग्लंड व वेल्स, आयर्लंड आणि स्कॉटलंड असे त्यांचे आठ विषय होते. युरोपातील राज्ये दाखवणारा त्यांचा इ.स. १७६६ मधील नकाशा आजही जतन केलेला आहे. समुद्राचे तुकडे वगळलेला संच कमी किमतीत मिळे, यावरून त्यांची व्यापारी दृष्टी दिसते. तरीही ही वस्तू श्रीमंतांच्या मुलांपुरतीच होती.

आजच्या कोड्यांप्रमाणे तुकडे एकमेकांत घट्ट अडकत नसत. धक्का लागला की जुळवलेला देश निसटे. कोणत्या राज्याच्या शेजारी कोणते राज्य येते, हे ठाऊक असणाऱ्याचाच हात भराभर चाले. त्यामुळे हे खेळणे भूगोलाची परीक्षाही होते. जेन ऑस्टेन यांच्या मॅन्सफील्ड पार्क (इ.स. १८१४) या कादंबरीत दहा वर्षांच्या फॅनीला युरोपचा नकाशा जुळवता येत नाही, म्हणून मावसबहिणी तिला अडाणी ठरवतात. ज्या मुलीच्या घरी असा महागडा संच कधी आलाच नाही, तिची ही परीक्षा मुळातच अन्यायाची होती.

श्रेयाचा वाद

लंडनमध्ये मुलींना शिकवणाऱ्या फ्रेंच लेखिका मादाम लप्रँस द बोमाँ या १७५०च्या दशकाच्या अखेरीसच लाकडी नकाशे अध्यापनात वापरत होत्या, असे संशोधनातून पुढे आले आहे. तिसऱ्या जॉर्जच्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी असलेल्या लेडी शार्लट फिंच यांचे अशा नकाशांचे कपाटही उपलब्ध आहे. कल्पना वर्गात आधी रुजली आणि स्पिल्सबरी यांनी ती दुकानात आणली, असे मानणे अधिक रास्त ठरते. दुकानदाराचे नाव छापील नकाशावर राहते. शिक्षिकांचे तसे राहत नाही.

मृत्यूनंतर

तिशीच्या उंबरठ्यावरच स्पिल्सबरी यांचे निधन झाले. सारा यांनी काही काळ व्यवसाय सांभाळला. पुढे त्यांनी जॉन यांचे शिकाऊ उमेदवार हॅरी अ‍ॅशबी यांच्याशी विवाह केला आणि अ‍ॅशबी यांनी नकाशांची विक्री चालू ठेवली. जिगसॉ हे नाव मात्र शतकाहून अधिक काळाने, त्या नावाच्या करवतीवरून रूढ झाले. इ.स. २०१९ पासून स्पेनमधील वायादोलिद येथे जिगसॉ जुळवण्याची जागतिक स्पर्धा भरते. तीत एकट्याने, जोडीने व संघाने घड्याळ लावून कोडी सोडवली जातात.