मान्रेसाचे वर्ष



संत इग्नेशियस लोयोला म्हटले की आपल्याला आठवतो २० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या लढाईत लागलेला तोफगोळा, मोडलेला पाय आणि अंथरुणावर वाचलेली संतचरित्रे. स्पेनमधील मान्रेसा गावी त्यांनी पुढे काढलेले वर्ष मात्र आम्ही धर्मगुरू प्रवचनात सहसा घेत नाही.

मार्च १५२२ मध्ये माँतसेरातच्या मठात त्यांनी आयुष्यभराच्या पापांचे निवेदन लिहून केले. तीन दिवस लागले. पापक्षमा मिळाली. मरियामातेच्या वेदीपाशी तलवार ठेवून ते मान्रेसाला आले. पहिले काही महिने मन शांत होते. मग शंका सुरू झाली. एखादे पाप सांगायचे राहिले असेल का? नीट सांगितले असेल का? ते पुन्हा पापनिवेदनाला जात, आणि परतल्यावर आणखी काही आठवे. एका विद्वान धर्मगुरूंनी सारे लिहून काढायला सांगितले. तेही झाले, पण टोचणी गेली नाही. मग सल्ला मिळाला की जुने काही अगदी स्पष्ट असेल तरच सांगा. इग्नेशियसना तर सगळेच स्पष्ट वाटत होते!

रोज सात तास गुडघ्यांवर प्रार्थना चालू होती. डोमिनिकन मठातील त्यांच्या खोलीत एक मोठे भगदाड होते. त्यात उडी घेऊन सगळे संपवावे, असे त्यांना वारंवार वाटे. त्याने देवाचा अपराध होईल, एवढ्याच विचाराने ते थांबत. शेवटी देव सोडवीपर्यंत अन्न घ्यायचे नाही असे ठरवून ते रविवार ते रविवार उपाशी राहिले. पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंना हे कळताच त्यांनी उपवास सोडण्याची आज्ञा केली. इग्नेशियस जेवले. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा एका पापातून दुसरे आठवू लागले.

हे दुखणे आम्हा धर्मगुरूंना अनोळखी नाही. देवाने क्षमा करून कैक वर्षे झालेली असतात, तरी माणूस स्वतःवरचा खटला चालूच ठेवतो. त्याला ती भक्तीच वाटते, म्हणून ते ओळखणे अवघड.

इग्नेशियसनी ओळखले ते असे. पापांची उजळणी करता करता त्यांना या नव्या जीवनाचाच वीट आला, ते सोडून द्यावेसे वाटले. जे देवापासून दूर नेते ते देवाकडून कसे येईल? त्यांनी ठरवले की झालेली जुनी पापे पुन्हा पापनिवेदनात सांगायची नाहीत. त्या दिवसापासून ते मोकळे झाले. पुढे आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात त्यांनी अशा शंकांविषयी सूचनाही लिहून ठेवल्या.

येशूसंघाचे प्रमुख म्हणून रोममध्ये असताना, १५५६ साली झालेल्या मृत्यूपूर्वीच्या काही वर्षांत, त्यांनी आपली जीवनकथा फादर गोन्साल्व्हिस दा कामारा यांना सांगितली. भगदाडाची गोष्टही लपवली नाही. तरुणपणीचे उपद्व्याप तर त्यांनी बारीकसारीक तपशिलांसह, मोकळेपणाने सांगितले. फादरांनी लिहून ठेवलेल्या कथेत मात्र त्या पापांना जेमतेम एक वाक्य आले आहे.