संगीतसूर्य केशवराव भोसले

आमचे आजोळ कोल्हापूरचे. वडील जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीस असल्यामुळे तिकडे जाणे होई ते उन्हाळ्याच्या सुटीतच. खासबाग मैदानाला लागून असलेल्या नाट्यगृहावर केशवराव भोसले हे नाव मी प्रथम वाचले, तेव्हा हे कोणी सरदार असावेत असा माझा समज झाला होता. मामांनी तो दूर केला. आपल्या मंडळाच्या गणेशोत्सवात 'मानापमाना'तील पद आजही कोणी ना कोणी म्हणतोच. त्या नाटकाच्या एका प्रयोगाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या नटाचा परिचय इथे वाढलेल्या आपल्या मुलाबाळांना व्हावा, म्हणून या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी हा विषय घेतला आहे.

केशवरावांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घरची स्थिती हलाखीची. ज्या वयात पाटी-पेन्सिल हाती यावयाची, त्या वयात हा मुलगा स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला. आवाज मोकळा, टिपेचा आणि विलक्षण चपळ. देवलांच्या 'शारदा' नाटकात त्यांनी शारदेची भूमिका केली आणि बालनट म्हणून त्यांचे नाव गावोगाव झाले.

१९०८ साली, वयाची अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्यांनी ललितकलादर्श ही स्वतःची नाटक मंडळी काढली. तीही पुण्या-मुंबईत नव्हे, तर कानडी मुलखातील हुबळीस! मराठीचा संसार परमुलखात थाटणाऱ्या आपल्यासारख्यांना याचे कौतुक वाटल्यावाचून राहणार नाही. त्या काळी नाटक कंपनी म्हणजे एक फिरते बिऱ्हाडच असे. नट, वादक, आचारी, पडदे, पेट्या हे सारे घेऊन गावोगाव मुक्काम करावयाचा. आम्हा सरकारी नोकरांना पहिल्या तारखेचा भरवसा असतो. कंपनीच्या मालकाला मात्र आजचा खेळ रंगला तरच उद्याच्या चुलीची खात्री. केशवरावांनी हा भार तेरा वर्षे वाहिला.

नुसत्या गळ्यावर कंपनी चालविणे त्यांना अशक्य नव्हते. तरीही ते नव्या नाटकांच्या शोधात राहिले. वीर वामनराव जोशी यांच्या 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' नाटकात त्यांनी मृणालिनी रंगविली. पुढे मामा वरेरकरांना त्यांनी जवळ केले. हुंड्याच्या चालीवर प्रहार करणारे 'हाच मुलाचा बाप' आणि त्यानंतरचे 'संन्याशाचा संसार' ही वरेरकरांची नाटके ललितकलादर्शने रंगभूमीवर आणली. पदे ऐकावयास आलेल्या प्रेक्षकाला घरातल्या प्रश्नांकडे पाहावयास लावणे हे धाडसच होते, आणि माझ्या मते केशवरावांचे हे कार्य त्यांच्या गायनाच्या झगमगाटात थोडे झाकोळले गेले.

आता त्या प्रयोगाकडे वळू. १९१३ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. तेव्हापासून महाराष्ट्राच्या रसिकांत दोन तट पडले होते. गंधर्वांचे गाणे मधुर, लडिवाळ. केशवरावांचे तेजस्वी, तडफदार, तानांची आतषबाजी करणारे. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळात शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा त्यांचा आवाज हे त्यांचे मोठेच भांडवल होते. १९२१ मध्ये, लोकमान्यांच्या निधनानंतर, टिळक स्वराज्य फंडासाठी देशभर एक कोटी रुपये जमविण्याचा संकल्प झाला होता. त्या फंडाच्या मदतीसाठी दोन्ही मंडळ्यांनी एकत्र येऊन खाडिलकरांचे 'मानापमान' करावयाचे ठरविले. भामिनी बालगंधर्वांची, धैर्यधर केशवरावांचा.

यात केशवरावांनी काय पणाला लावले होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. १२ मार्च १९११ च्या पहिल्या प्रयोगापासून भामिनी म्हणजे बालगंधर्व, असे समीकरण जमलेले. म्हणजे दुसऱ्याच्या हुकमी नाटकात, दुसऱ्याच्या चाहत्यांपुढे उभे राहावयाचे. आणि तेथे फिके पडले तर नुकसान एकट्याचे नव्हे, आपल्या नावावर जेवणाऱ्या साऱ्या कंपनीचे. तरी ते उभे राहिले. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात हा संयुक्त 'मानापमाना'चा प्रयोग झाला. त्या रात्री सरस कोण ठरले, यावर नाट्यवेडी मंडळी पुढे कित्येक वर्षे भांडत राहिली. मला तो वाद व्यर्थ वाटतो. मानी धैर्यधराला मानी भामिनी तोडीस तोड मिळाली, तरच ते नाटक उभे राहते.

या प्रयोगानंतर तीन महिनेही लोटले नाहीत तोच केशवरावांना विषमज्वराने गाठले. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. बालगंधर्वांना १९६७ पर्यंतचे आयुष्य लाभले.

ललितकलादर्श मात्र बंद पडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली, १९२२ मध्ये वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' रंगभूमीवर आणले, आणि त्यांच्या पश्चात पुत्र भालचंद्र पेंढारकरांनी ती परंपरा पुढे नेली. ज्या नाट्यगृहाचा मी आरंभी उल्लेख केला, ते शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभारले होते. केशवरावांचे नाव त्याला मागाहून मिळाले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. जबलपुरात दूरदर्शनच्या पडद्यावर त्या ज्वाळा पाहताना मला मामांचा हात धरून त्या दाराशी उभा असलेला मी आठवत होतो.