शर्यतीबाहेरचा झाटोपेक

धावणाऱ्या एमिल झाटोपेककडे पाहवत नसे. मान एका खांद्यावर कललेली, तोंड उघडे, चेहरा असा पिळवटलेला की हा माणूस आता पुढच्या वळणावर कोसळणार, असे नवख्या प्रेक्षकाला वाटावे. पाय मात्र घड्याळाच्या काट्यासारखे चालत.

त्याचा जन्म १९ सप्टेंबर १९२२ चा, चेकोस्लोव्हाकियातल्या एका सुताराच्या घरातला. घरात खाणारी तोंडे पुष्कळ, म्हणून पोरवयातच तो झ्लीन गावी बाटाच्या कारखान्यात कामाला लागला. होय, तीच बाटा, जिचे काळे बूट दर जूनमध्ये आपल्या मुलांच्या पायांत येत. १९४१ साली कारखान्याने गावातल्या शर्यतीत त्याला धावायला लावले. प्रकृतीचे कारण सांगून त्याने सुटू पाहिले, पण डॉक्टरांनी तो ठणठणीत असल्याचा निर्वाळा दिला. धावला, आणि दुसरा आला! मग मात्र त्याला धावण्याची गोडीच लागली.

महायुद्धानंतर तो लष्करात शिरला. सरावाची त्याची तऱ्हा न्यारीच. चारशे मीटर वेगाने, मग थोडे हळू, पुन्हा चारशे मीटर. असे दिवसाला कधी साठ वेळा, तर कधी शंभर वेळा, तेही लष्करी जड बूट घालून, बर्फात. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये त्याला दहा हजार मीटरचे सुवर्ण आणि पाच हजारचे रौप्य मिळाले. त्याच वर्षी भालाफेकपटू डानाशी लग्न झाले. दोघांची जन्मतारीख एकच, वर्षही तेच.

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला निघण्याआधी जे घडले ते मला त्याच्या पदकांहून मोठे वाटते. स्टानिस्लाव युंगविर्थ या धावपटूचे वडील राजकीय कैदी होते. एवढ्याच कारणावरून त्याला संघातून वगळले. तो नसेल तर मीही जाणार नाही, असे झाटोपेकने कळवले आणि संघाचे विमान त्याला मागे ठेवून उडाले. त्या राजवटीत असा हट्ट तुरुंगापर्यंत नेऊ शकला असता. अखेर सरकार नमले आणि दोघेही हेलसिंकीला पोहोचले.

२० जुलैला त्याने दहा हजार मीटर जिंकली. २३ तारखेला त्याच नगरीत आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. दुसऱ्या दिवशी पाच हजारची अंतिम शर्यत होती. शेवटच्या फेरीत तिघे त्याच्या पुढे गेले. पदक गेलेच असे वाटत असताना अखेरच्या वळणावर त्याने बाहेरच्या बाजूने मुसंडी मारून तिघांनाही मागे टाकले. ते पदक डानाने शकुन म्हणून पिशवीत टाकले आणि थोड्याच वेळात भालाफेकीचे सुवर्ण जिंकले. एका संसारात एका दुपारी दोन सुवर्णपदके!

मॅरेथॉन तर त्याने जन्मात कधी धावली नव्हती. वाटेत त्याने इंग्लंडच्या जिम पीटर्सला, वेग जास्त होतोय का, असे भाबडेपणाने विचारले. त्याला चकवण्यासाठी पीटर्सने उलट वेग कमीच असल्याचे सांगितले. झाटोपेकने ते खरे मानून वेग वाढवला. पीटर्सला शर्यत सोडावी लागली. झाटोपेक २ तास २३ मिनिटे ३.२ सेकंदांत एकटाच मैदानात शिरला. पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन ही तिन्ही सुवर्णे एकाच ऑलिम्पिकमध्ये आजवर दुसऱ्या कोणालाही जमलेली नाहीत.

१९६६ साली ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क प्रागला आला. त्याच्या नावावर विश्वविक्रम पुष्कळ, पण ऑलिम्पिक सुवर्ण एकही नाही. निरोप देताना झाटोपेकने त्याच्या हाती एक पुडके दिले. आत हेलसिंकीचे दहा हजार मीटरचे सुवर्णपदक होते.

दोन वर्षांनी दिवस फिरले. १९६८ च्या प्राग वसंतात सुधारणांची मागणी करणाऱ्या ‘दोन हजार शब्द’ या जाहीरनाम्यावर त्याने सही केली. ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे शिरले तेव्हाही तो उघडपणे विरोधात बोलला. पक्षातून आणि लष्करातून त्याची हकालपट्टी झाली. जमिनीत भोके पाडणाऱ्या पथकात मजुरी, चाकांवरच्या खोपटात मुक्काम आणि घरी यायचे ते सुट्टीपुरते.

१९७१ साली त्याने आपली आधीची भूमिका जाहीरपणे मागे घेतली. ज्यांनी शेवटपर्यंत मान तुकवली नाही, त्यांतल्या काहींना हे रुचले नाही. त्यांचा राग मी समजू शकतो. पण बँकेच्या नोकरीत साध्या बदलीच्या हुकुमाने भली भली माणसे कशी गप्प होतात, हे मी पाहिले आहे. तिथे पगार तरी चालू असतो, बायकामुले बरोबर नेता येतात. झाटोपेकला मला नावे ठेवता येत नाहीत. युंगविर्थसाठी अडून बसला तोही हाच माणूस होता, आणि थकून सही करणाराही हाच.

पुढे त्याला प्रागमध्ये परत येऊ दिले. परदेशी क्रीडानियतकालिके वाचून त्यांतले उपयोगाचे तेवढे टिपायचे, असे टेबलाचे काम मिळाले. भाषा बऱ्याच येत होत्या, त्या कामी आल्या. राजवट कोसळल्यावर, १९९० मध्ये, त्याच्यावरचा ठपका पुसला गेला. नोव्हेंबर २००० मध्ये प्रागमध्ये तो वारला. डाना त्यानंतर एकोणीस वर्षे जगली आणि २०२० च्या मार्चमध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी गेली.