पासोलिनी, ग्रीक नाटक आणि आफ्रिकेचा चेहरा

रोम विद्यापीठातील एका खोलीत आफ्रिकेतून शिकायला आलेले तरुण बसले आहेत. टांझानिया आणि युगांडात टिपलेली काही दृश्ये त्यांना नुकतीच दाखविण्यात आली आहेत. इस्किलसची ‘ओरेस्तेइया’ ही अडीच हजार वर्षांपूर्वीची नाट्यत्रयी आजच्या आफ्रिकेत, तिथल्याच माणसांना घेऊन चित्रित करावी काय, असा दिग्दर्शकाचा प्रश्न आहे. विद्यार्थी भारावून जात नाहीत. आफ्रिका म्हणजे एक देश नव्हे, तिच्याविषयी सरसकट बोलता येणार नाही, असे ते सुनावतात. पिएर पाओलो पासोलिनी वाद घालतो, काहीसा हट्टानेच. पण हे आक्षेप तो कापून टाकत नाही. १९७०च्या ‘आफ्रिकी ओरेस्तेइयासाठी टिपणे’ या चित्रपटात ते जसेच्या तसे आहेत.

पासोलिनीचा जन्म ५ मार्च १९२२ रोजी बोलोन्या येथे झाला. वडील लष्करी अधिकारी, आई शिक्षिका. आईचे गाव कासार्सा हे ईशान्य इटलीतील फ्रिऊली प्रांतातले. १९४२ साली निघालेला त्याचा पहिला कवितासंग्रह प्रमाण इटालियनमध्ये नव्हे, तर फ्रिऊलीच्या बोलीत होता. धाकटा भाऊ गुइदो १९४५ मध्ये पार्टिझनांच्या आपसातील संघर्षात मारला गेला. १९४९ मध्ये समलैंगिकतेशी निगडित आरोपावरून पासोलिनीची शिक्षकाची नोकरी गेली, कम्युनिस्ट पक्षानेही त्याला काढून टाकले. पुढल्याच वर्षी आईला घेऊन तो रोमला आला आणि शहराच्या कडेच्या दरिद्री वस्त्यांत राहू लागला. तिथली पोरे प्रथम त्याच्या कादंबऱ्यांत आणि १९६१च्या ‘आक्कातोने’पासून पडद्यावर आली.

अभिजात साहित्याकडेही तो याच वस्तीतून पाहत होता. १९६४च्या ‘मत्तयकृत शुभवर्तमाना’त येशूची भूमिका एका स्पॅनिश विद्यार्थ्याने केली, वृद्ध मेरीची पासोलिनीच्या आईने. बाकीचे चेहरे बहुतांशी दक्षिण इटलीतील शेतकऱ्यांचे. (येशूचा आवाज मात्र एका व्यावसायिक नटाचा!) ‘इडिपस’ त्याने मोरोक्कोत नेला. बोकाचिओ हा तस्कनीचा, इटालियन गद्याचा आद्य आदर्श. १९७१च्या ‘डेकॅमेरॉन’मध्ये पासोलिनीने त्याला नेपल्सची रांगडी बोली बोलायला लावली.

भारतातही तो आला होता. १९६१च्या सुमारास मोराविया आणि एल्सा मोरांते या लेखकांसोबत, पुढे १९६७-६८च्या हिवाळ्यात कॅमेरा घेऊन. भुकेल्या वाघांना स्वतःचा देह देणाऱ्या राजाच्या कथेवर त्याला चित्रपट करायचा होता. ती कथा आजच्या लोकांना पटेल काय, हे तो भेटेल त्याला विचारत हिंडला. त्याचीही टिपणेच राहिली.

‘ओरेस्तेइया’मागील त्याची कल्पना मोठी होती. सूडाच्या देवतांचे कृपाळू देवतांत होणारे रूपांतर त्याला नव्याने स्वतंत्र झालेल्या आफ्रिकेत दिसत होते. पण आदिम समाजाचा लोकशाहीकडे प्रवास, हा नकाशा युरोपात आखलेला होता. विद्यार्थ्यांनी बोट ठेवले ते नेमके इथेच. नव्या चेहऱ्यांना जागा दिली तरी अर्थ कोणी ठरवायचा, हा पेच त्याला सुटला असे म्हणवत नाही. त्याने तो लपविला नाही, हे मात्र खरे.

१९७४च्या ‘अरेबियन नाइट्स’मध्ये हा पेच पुन्हा दिसतो. येमेन, इराण, नेपाळ आणि पूर्व आफ्रिकेत चित्रित झालेल्या या चित्रपटात चतुर दासी जुमुर्रुद साकारली एरिट्रियन वंशाच्या इनेस पेलेग्रिनीने. एरिट्रिया १९४१ पर्यंत इटलीची वसाहत होती, हे लक्षात घेतले की या निवडीचे वजन कळते. कथेत ती स्वतःचा धनी स्वतः निवडते, पुढे पुरुषवेषात राज्यही करते. कानमध्ये चित्रपटाला ज्युरींचे विशेष पारितोषिक मिळाले. तरीही देहांवर रेंगाळणारा कॅमेरा पाश्चात्त्य नजरेचाच, ही टीका होत राहिली आणि ती निराधार नाही.

२ नोव्हेंबर १९७५ रोजी रोमजवळच्या ओस्तिया येथे त्याचा छिन्नविच्छिन्न मृतदेह सापडला. एका अल्पवयीन मुलाला शिक्षा झाली. २००५ मध्ये त्याने आपला कबुलीजबाब फिरविला. दफन कासार्सात झाले. आफ्रिकेतला ‘ओरेस्तेइया’ कधी झालाच नाही. उरली ती टिपणे, आणि त्यांत त्या विद्यार्थ्यांचे आक्षेप.