फ्रीडरिश पाशेन आणि तीन मिलिमीटरचा कीस
मी जीआयएसचं, म्हणजे गॅस भरलेल्या बंद नळ्यांमध्ये बसवलेल्या सबस्टेशनचं टेस्टिंग करतो. एकदा नव्या सेक्शनची हाय व्होल्टेज टेस्ट चालू असताना आत फ्लॅशओव्हर झाला. नळी उघडली तर तळाशी ॲल्युमिनियमचा तीनेक मिलिमीटरचा कीस! गॅसचा दाब बरोबर, अंतरही बरोबर. मग पाशेन यांचा नियम चुकला का? त्या रात्री मी त्यांचं चरित्रच वाचायला घेतलं.

पाशेन यांचा जन्म १८६५ चा, जर्मनीतल्या श्वेरिनचा. स्ट्रासबर्गला ऑगस्ट कुंट यांच्याकडे शिकताना त्यांनी दोन गोल इलेक्ट्रोड घेतले आणि हवा, हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइडमध्ये किती व्होल्टेजला ठिणगी पडते ते मोजलं. १८८९ मध्ये निष्कर्ष छापून आला: हे व्होल्टेज दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. दाब दुप्पट आणि अंतर निम्मं केलं, तर व्होल्टेज तेवढंच. म्हणूनच आज आपण एसएफ६ गॅस दाबाने भरून सबस्टेशन इतकं आटोपशीर करू शकतो.

पण यात एक अट आहे, बरं का. पृष्ठभाग स्वच्छ, गुळगुळीत हवा आणि विद्युतक्षेत्र सगळीकडे जवळपास सारखं हवं. धातूचा कण नेमकं हेच बिघडवतो. नळीच्या तळाशी पडल्या पडल्या त्याच्यावर चार्ज जमतो. विद्युतक्षेत्राचं बळ वजनापेक्षा जास्त झालं की तो उभा राहतो, मग उड्या मारू लागतो. त्याच्या टोकाशी क्षेत्र कित्येक पट वाढतं. असा कण मधल्या कंडक्टरजवळ पोचला की तिथून ठिणगी सुरू होऊ शकते. ॲल्युमिनियम हलकं, म्हणून लवकर उडतं. आणि कण आत असताना नुसता दाब वाढवून फारसा फायदा होत नाही.

पाशेन पुढे वर्णपटाकडे वळले. १९०८ मध्ये त्यांनी हायड्रोजनच्या इन्फ्रारेड रेषा शोधल्या. त्यांना आज पाशेन मालिका म्हणतात. १९२४ पासून ते बर्लिनच्या सरकारी मापन संस्थेचे अध्यक्ष होते. १९३३ मध्ये नाझी राजवटीने त्यांना हटवलं आणि योहानेस श्टार्क यांना बसवलं. युद्धात बॉम्बहल्ल्यात पाशेन यांचं घर गेलं. १९४७ मध्ये पॉट्सडॅमला त्यांचं निधन झालं.

तर नियम चुकला नव्हता. त्याची अट आम्ही मोडली होती. तेव्हापासून नळी बंद करण्याआधी मी स्वतः व्हॅक्यूम क्लीनर फिरवतो, न सुटणाऱ्या कापडाने पुसतो आणि टॉर्च मारून तळ बघतो. टेस्टलाही व्होल्टेज टप्प्याटप्प्याने चढवतो, म्हणजे राहिलेला कण आधीच सरकून पार्टिकल ट्रॅपमध्ये जाऊन बसण्याची शक्यता वाढते.