विश्लेषण : मोडकळीला आलेला ऑर्केस्ट्रा महिनाभरात कसा उभा राहिला? जॉन बार्बिरोली यांची कामगिरी काय?

न्यूयॉर्कमधील प्रतिष्ठेचे पद सोडून जॉन बार्बिरोली १९४३ मध्ये मँचेस्टरला आले, तेव्हा तिथे ऑर्केस्ट्रा जवळपास उरलाच नव्हता. सिम्फनी ऑर्केस्ट्रा टिकतो कशावर, या आजही विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे एक उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडते.

बार्बिरोली कोण होते?

त्यांचा जन्म २ डिसेंबर १८९९ रोजी लंडनमध्ये झाला. वडील इटालियन, आई फ्रेंच. वडील आणि आजोबा दोघेही व्हायोलिनवादक. मिलानच्या प्रसिद्ध ऑपेरागृहात वाजवलेले हे घराणे लंडनमध्ये नाट्यगृहांत आणि हॉटेलांत वाजवून पोट भरत होते. वादकाच्या घरात पैशांची चणचण कशी असते, हे त्यांनी लहानपणीच पाहिले. ते स्वतः चेलो वाजवत आणि १९१६ मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉल ऑर्केस्ट्रात सर्वांत तरुण वादक म्हणून दाखल झाले. पुढे ते कंडक्टर झाले. १९३६ मध्ये न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने त्यांना टोस्कानिनी यांच्या जागी बोलावले. टोस्कानिनी म्हणजे त्या काळातले सर्वांत मोठे नाव. साहजिकच तुलना झाली आणि तिथल्या काही समीक्षकांनी बार्बिरोलींवर सतत टीका केली.

मँचेस्टरमध्ये नेमके काय घडले होते?

मँचेस्टरचा हॅले ऑर्केस्ट्रा १८५८ पासूनचा. त्याचे हक्काचे फ्री ट्रेड हॉल डिसेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले. तरुण वादक सैन्यात गेले. गंमत म्हणजे युद्धकाळात श्रोते वाढले होते, कमतरता होती ती वादकांची. हॅलेचे बरेच वादक बीबीसीच्या उत्तर विभागाच्या ऑर्केस्ट्रातही वाजवत. त्यामुळे हॅलेला हव्या त्या तारखा मिळत नसत. शेजारच्या लिव्हरपूलने वादकांना पूर्णवेळ पगारी नोकरी दिली होती. हॅलेच्या व्यवस्थापनानेही तोच मार्ग धरला आणि वादकांना दोनपैकी एक निवडायला सांगितले. बहुतेकांनी बीबीसीची सुरक्षित नोकरी निवडली. सामायिक वादकांपैकी अवघे चार जण हॅलेकडे आले.

बार्बिरोलींनी काय केले?

जूनमध्ये ते मँचेस्टरला पोहोचले, तेव्हा हाताशी तीसही वादक नव्हते आणि पहिला कार्यक्रम जुलैच्या सुरुवातीलाच ठरलेला होता. त्यांनी सकाळ-संध्याकाळ वादकांच्या चाचण्या घेतल्या. नाव, वय, अनुभव काहीही न पाहता फक्त वाजवणे ऐकले. बासरीच्या पहिल्या खुर्चीवर शाळकरी मुलगा बसला, हॉर्न वाजवायला एक शिक्षिका आली, तर पितळी वाद्यांसाठी आसपासच्या बँडमधले वादक आले. प्रत्येक वाद्यगटाच्या वेगळ्या तालमी झाल्या. ५ जुलै १९४३ रोजी ब्रॅडफर्ड शहरात नव्या हॅलेचा पहिला कार्यक्रम झाला आणि जुन्या लौकिकाला तो साजेसा ठरला.

पण खरा प्रश्न पुढेच होता...

एक कार्यक्रम जिद्दीने होतो, पण वर्षभराचे पगार जिद्दीने होत नाहीत. सिम्फनीला बीथोवेनच्या काळी जितके वादक लागत, तितकेच आजही लागतात. कारखान्यासारखी यंत्रे आणून माणसे कमी करता येत नाहीत. तिकिटांतून खर्च निघत नाही आणि अनुदान नेहमीच अपुरे पडते. म्हणून हॅले गावोगाव फिरला. सभागृह नव्हते, तेव्हा प्राणीसंग्रहालयाच्या आवारातील सर्कशीच्या मोठ्या हॉलमध्येही त्याचे कार्यक्रम झाले. फ्री ट्रेड हॉल पुन्हा उभे राहिले ते १९५१ मध्ये.

याच काळात बार्बिरोलींना लंडनहून बोलावणी येत होती. बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राचे पदही त्यांनी नाकारले. त्यांनी घडवलेले वादक मात्र जास्त पगारासाठी इतरत्र जात राहिले आणि त्यांना पुन्हा नवे वादक घडवावे लागले. १९४९ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. १९५६ मध्ये व्हॉन विल्यम्स यांनी आपली आठवी सिम्फनी त्यांना अर्पण केली आणि ती प्रथम हॅलेनेच वाजवली.

मुंबईशी संबंध काय?

बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राचे संस्थापक आणि झुबिन मेहता यांचे वडील मेहली मेहता १९५० च्या दशकात मँचेस्टरला गेले आणि बार्बिरोलींच्या हाताखाली हॅलेमध्ये व्हायोलिनवादक म्हणून रुजू झाले. मुंबईत पूर्णवेळ, पगारी सिम्फनी ऑर्केस्ट्रा तेव्हा नव्हता.

शेवट कसा झाला?

१९५८ नंतर त्यांनी हॅलेतील काम कमी केले. काही वर्षे अमेरिकेत ह्यूस्टनच्या ऑर्केस्ट्राची जबाबदारीही घेतली, पण मँचेस्टरशी नाते तुटले नाही. जपान दौऱ्याची तयारी सुरू असतानाच २९ जुलै १९७० रोजी लंडनमध्ये हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

त्यांनी हॅलेला वाचवले, पण कायमचे निश्चिंत केले असे नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तोच ऑर्केस्ट्रा पुन्हा दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होता आणि पुन्हा सावरला. बार्बिरोलींनी दाखवून दिले ते इतकेच, की ऑर्केस्ट्रा इमारतीवर किंवा मोठ्या नावावर टिकत नाही. वादकाला महिन्याचा पगार लागतो आणि जास्त चांगली संधी समोर असतानाही थांबणारा नेता लागतो. यांपैकी एक जरी नसले, तरी दुसरे फार दिवस पुरत नाही.