शोकाला सूर देणारे धर्मगुरु

ज्या घरांतून कधीं मयत निघालें नाहीं, असें घर आमच्या धर्मग्रामांत नाहीं. त्या घडीला शब्द अपुरे पडतात व गायन पुढें होतें. अशा गायनाचे एक थोर रचनाकार तोमास लुईस दे व्हिक्तोरिया यांचें चरित्र आम्ही थोडक्यांत सादर करितों.

त्यांचा जन्म सुमारें १५४८ सालीं स्पेनमधील आविला येथें झाला. बालपणींच पितृछत्र हरपलें. आविलाच्या कॅथेड्रलांत ते बालगायक होते. पुढें रोमला विद्याभ्यास करून १५७५ सालीं त्यांनीं गुरुदीक्षा घेतली. त्यांचें उपलब्ध संगीत सर्व धार्मिकच आहे.

१५८७ पासून माद्रिदच्या मठांत राहणाऱ्या विधवा सम्राज्ञी मारिया यांची त्यांनीं चॅपलेन म्हणून सेवा केली. १६०३ सालीं सम्राज्ञी निवर्तल्या. त्यांच्यासाठीं रचिलेली सहा आवाजांची मृतमिस्सा १६०५ सालीं छापून, त्याच मठांत धर्मभगिनी असलेल्या त्यांच्या कन्या मार्गारेटा यांस अर्पण केली.

तींत आक्रोश नाहीं. ख्रिस्तसभेचें प्राचीन गायन बहुधा वरच्या दोहोंपैकीं दुसऱ्या आवाजांत संथ चालतें. इतर आवाज, सांत्वनास आलेल्या शेजाऱ्यांप्रमाणें, त्याच्याभोंवतीं जमतात. जीविताला विटलेल्या ईयोबाचें गाऱ्हाणें मात्र चार आवाज अगदीं साधेपणानें गातात. तेथें दुःख झांकलेलें नाहीं. एकट्याचा शोक सर्वांनीं मिळून वाहावा, हेंच ह्या संगीताचें मर्म आम्हांस वाटतें.

त्यानंतर त्यांनीं दुसरा ग्रंथ प्रसिद्ध केला नाहीं. मठांत ऑर्गन वाजवीत १६११ सालीं ते प्रभूकडे गेले. दुसऱ्यांच्या मरणाला ज्यांनीं सूर दिले, त्यांच्या आत्म्यास आम्ही एक प्रार्थना तरी देणें लागतों.